यंत्र बदलले म्हणजे कामगाराचे काय होते?

कल्याणाहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले म्हणजे पहिले स्टेशन शहाड व दुसरे आंबिवली. आंबिवलीजवळ उल्हास नदीच्या काठी मोहने हे गाव आहे. ज्यांचे आप्त या बाजूस कामाला होते त्या वाचकांस हे नाव नवे नाही. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, जिला लोक एनआरसी म्हणत, ती कंपनी १९४६ साली स्थापन झाली व तिचा मोठा कारखाना या गावी उभा राहिला. कृत्रिम रेशमाचा धागा तेथे निघे. कारखान्याच्या भोवती कामगारांची वसाहत झाली, दुकाने झाली, आणि बापाच्या मागे मुलगाही त्याच फाटकातून आत जाऊ लागला. २००९ साली हा कारखाना बंद पडला. चार हजारांहून अधिक कामगार त्या वेळी पटावर होते. त्यांच्या थकलेल्या देण्यांसाठी पुढे वर्षानुवर्षे मोर्चे, धरणी व न्यायालयाच्या खेपा झाल्या.

कारखाना बंद पडतो तेव्हा त्याचे कारण एकच नसते. कर्ज असते, कारभार असतो, परदेशचा स्वस्त माल असतो, विजेचे बिल असते. या सर्व कारणांच्या खाली पुष्कळदा आणखी एक कारण पाण्यासारखे मुरत असते, ते म्हणजे यंत्राचा व रीतीचा बदल. या धड्यात आम्ही त्याच कारणाचा विचार करणार आहो. गावच्या मंडळीस गिरणी-कारखान्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर एवढेच की, काम गेलेला मनुष्य अखेर गावाच्याच वाटेस लागतो, आणि त्याची ट्रंक प्रथम आपल्याच दारात उतरते.

प्रथम हा धागा कसा होतो ते समजून घ्यावे, म्हणजे पुढील गोष्ट ध्यानात येईल. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवितात, पिळून त्याचा चुरा करितात व तो काही वेळ मुरू देतात. मग त्यावर कार्बन डायसल्फाइड नावाचे दुर्गंधी द्रव्य घालून पुन्हा सोड्यात विरघळवितात. त्याचा मधासारखा दाट रस होतो. हा रस गाळून व पिकवून अतिशय बारीक छिद्रांच्या टोपीतून गंधकाम्लाच्या हौदात सोडिला म्हणजे प्रत्येक छिद्रातून एक तंतू बाहेर पडून घट्ट होतो. असे तंतू एकत्र होऊन गरगर फिरणाऱ्या भांड्यात लडीच्या रूपाने जमतात. ही युक्ती इंग्लंडात १८९२ साली क्रॉस, बेव्हन व बीडल या तिघांनी शोधून काढिली.

आता या कामास कसल्या प्रकारचा मनुष्य लागतो? रस किती पिकला हे जाणणारा, हौदावर एक तंतू तुटला तर तो डोळ्यांनी ओळखून बोटांनी धरणारा, ओली लडी न चुरगळता भांड्यातून उचलणारा. हे ज्ञान दोन महिन्यांत येत नाही. पाच-दहा वर्षांत हातास येते. आणि ते आले म्हणजे त्या हाताची किंमत त्या फाटकाच्या आत फार असते, पण फाटकाच्या बाहेर काहीच नसते. सुताराचे काम एका गावी गेले तर दुसऱ्या गावी त्याच्या वाकसास काम मिळते. रेयॉनच्या हौदावर पंचवीस वर्षे घालविलेल्या मनुष्याने टिटवाळ्यास किंवा आपल्या तालुक्याच्या गावी जाऊन कोणास सांगावे की मला तुटलेला तंतू धरिता येतो? काम जाते तेव्हा पगार जातो हे सर्वांस दिसते. त्याबरोबर आयुष्यभर मिळविलेली विद्याही एका दिवसात निरुपयोगी होते, हे फार थोड्यांस दिसते. आमच्या मते बेकारीचे मोठे दुःख येथेच आहे.

धागा काढण्याची ही रीत जशीच्या तशी राहिली नाही. जुन्या रीतीत लडी हातांनी उचलावी, धुवावी, गंधक काढावे, वाळवावी व मग कोनावर गुंडाळावी, अशी अनेक खाती होती व प्रत्येक खात्यात माणसे होती. पुढे अशी यंत्रे निघाली की त्यांत कातणे, धुणे, वाळविणे व गुंडाळणे हे सर्व एकाच चौकटीवर, धागा न थांबता होते. धागा अधिक सारखा येतो, आणि मधली खाती नाहीशी होतात. यापेक्षाही मोठा बदल बाहेरून आला. अमेरिकेत १९३५ साली नायलॉन निघाले; इंग्लंडात १९४१ साली पॉलिएस्टर निघाले. मोटारीच्या टायरात जी बळकट दोरी असते तीसाठी एके काळी रेयॉनला मोठी मागणी होती. ती जागा आपल्या देशात नायलॉनने घेतली, व मागाहून पोलादी तारेने. साडीच्या बाजारात स्वस्त पॉलिएस्टर आले. म्हणजे कामगाराने काही चूक केली नाही, त्याच्या खात्यात नवे यंत्रही आले नाही, तरी शेकडो कोसांवर दुसऱ्या कोणाच्या कारखान्यात झालेल्या शोधाने त्याच्या हाताखालचा माल जुना झाला. असा बदल दिसत नाही. तो येत आहे हे मालकास जमाखर्चावरून दहा वर्षे आधी कळते. कामगारास नोटीस फळ्यावर लागते त्या दिवशी कळते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जुनी रीत फार सुखाची होती असे कोणी समजू नये. कार्बन डायसल्फाइडची वाफ पुष्कळ वर्षे छातीत गेली तर मज्जातंतू व मेंदू बिघडतात, हे वैद्यांस फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अशा हवेत उभे राहण्याचे काम जर यंत्र करील तर त्यात रडण्यासारखे काही नाही. यंत्र वाईट की चांगले, या प्रश्नावर गावोगाव जे वाद होतात ते आम्हास म्हणूनच पोकळ वाटतात. विचारण्याचा प्रश्न निराळा आहे. नव्या रीतीचा लाभ थेंबाथेंबाने सर्वांस मिळतो. कापड वार दोन रुपयांनी स्वस्त होते, ते तुम्हीआम्ही सर्वच घेतो. तिचा तोटा मात्र थोड्या माणसांवर एकदम पडतो. हा तोटा त्यांनी एकट्याने का सोसावा?

हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडात १८११ सालापासून नॉटिंगहॅमच्या बाजूस मोजे विणणाऱ्या कारागिरांनी रात्री जाऊन यंत्रे फोडिली. ते अडाणी होते म्हणून यंत्रावर रागावले, असे शाळेच्या पुस्तकांत कधी कधी लिहितात. खरे पाहता ते स्वतः यंत्रावरच काम करीत. त्यांची तक्रार अशी होती की नव्या पद्धतीने हलका माल काढून त्यांची मजुरी पाडिली जात होती, आणि दाद मागावयास दुसरी जागा नव्हती. सरकारने १८१२ साली यंत्र फोडणाऱ्यास फाशीची शिक्षा ठरविली.

आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत १९२८ साली जे घडले ते आमच्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे. काही गिरण्यांत असा हुकूम झाला की विणकराने दोन मागांऐवजी तीन माग सांभाळावे, व कातणाराने एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्या. मालक म्हणत की मजुरी वाढवू. कामगारांनी बोटांवर हिशेब केला. सहा मागांस पूर्वी तीन विणकर लागत. आता दोन लागतील. मग तिसऱ्याने कोठे जावे? एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने गिरण्या बंद राहिल्या व दीड लाखाच्या आसपास कामगार घरी बसले. गिरणी कामगार युनियन त्याच साली निघाली. सहा महिने पगाराशिवाय राहणे म्हणजे काय हे ज्या घरांनी सोसले त्यांतील पुष्कळ घरे कोकणात व घाटावर होती. संपाच्या दिवसांत कामगार गावी परतले व गावच्या नाचणी-भातावर जगले. शहराच्या यंत्राचे ओझे गावच्या शेताने उचलिले, हे त्या वेळी कोणत्याही जमाखर्चात लिहिले गेले नाही.

याच संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक गोष्ट पुढे मांडिली, ती आमच्या पुष्कळ वाचकांच्या आजोबा-पणजोबांची आहे. गिरणीत विणकाम खात्यात मजुरी अधिक होती, पण त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या लोकांस शिरू देत नसत. सबब अशी सांगत की, धोट्यात नवी कांडी घातली म्हणजे तिचे सूत छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागते; तो धोटा दुसऱ्याने तोंडास कसा लावावा? म्हणजे एका लाकडी धोट्याच्या छिद्रावर हजारो माणसांची भाकर अडली होती. पुढे सूत तोंडाने न ओढता घालता येईल असे धोटे निघाले. आता वाचकांनी विचार करावा. येथे यंत्राच्या एका लहान सुधारणेने अन्यायाची सबब नाहीशी केली. परंतु सबब गेली म्हणून दार आपोआप उघडले काय? नाही. त्यासाठी माणसांस बोलावे लागले व भांडावे लागले. यंत्र एक दार बंद करिते किंवा उघडिते असे आपण म्हणतो खरे, पण कडीवर हात नेहमी मनुष्याचाच असतो.

बायकांची गोष्ट याहून वाईट झाली. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांत एक बाई होती. बहुतेक सूत गुंडाळण्याच्या व रीळ भरण्याच्या खात्यांत. या खात्यांत वेगाची यंत्रे आली. यंत्र महाग, म्हणून ते रात्रंदिवस चालवावे असे ठरले. आणि बायकांस रात्रपाळीस कायद्याने मनाई होती. तेव्हा बाईच्या जागी पुरुष आला. साठ वर्षांत तिची संख्या शंभरांत पाचाहूनही खाली गेली. संप झाले त्यांत या प्रश्नासाठी झालेला मोठा संप आम्हास सापडत नाही.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप बोनस, पगार व युनियनची मान्यता यांसाठी होता, यंत्रासाठी नव्हता. परंतु संप लांबत असता कापडाचे काम भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे वळले आणि गिरण्यांकडे ते पुन्हा पूर्णपणे परतले नाही. या यंत्रमागांनी त्यापूर्वी हातमागवाल्यांस मागे सारिले होते. आणि हल्ली भिवंडीच्या साध्या यंत्रमागांवरही धोट्याशिवाय चालणाऱ्या मागांची पाळी आली आहे. काल ज्याने दुसऱ्याचे काम घेतले त्याचे आज तिसरा घेतो.

आमच्या मिशनांच्या इतिहासातही या प्रश्नाचे एक पान आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अहमदनगर (हल्लीचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी वेगाने चालणारा सुधारलेला हातमाग तयार केला. त्यांचा विचार असा होता की कारागिराच्या घरातच जर चांगले साधन आले तर त्यास गिरणीपुढे उभे राहता येईल. हातमागाने गिरणीस जिंकिले नाही, हे आपण सर्व पाहतोच. तरी त्या विचारात एक गोष्ट खरी आहे, ती अशी की नवे साधन कोणाच्या मालकीचे आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. ज्याचा माग त्याचाच असेल, त्याच्या बाबतीत माग सुधारला म्हणजे त्याची मिळकत वाढते. माग दुसऱ्याचा असेल तर तोच सुधारलेला माग त्यास दाराबाहेर काढितो.

आता उपदेशक बंधूंसाठी दोन शब्द. समजा, तुमच्या गावी असा एक मनुष्य परत आला आहे. वय सत्तेचाळीस, हौदावर वीस वर्षे काम केलेले. पहिल्या महिन्यात लोक त्याची चौकशी करितात. तिसऱ्या महिन्यात म्हणतात, "अजून काही बघितले नाही वाटते?" सहाव्या महिन्यात म्हणतात, "याला कामच नको." हे शेवटचे वाक्य मंडळीतही ऐकू येते, आणि ते बोलणारास आपण काही पाप केले असे वाटत नाही. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील मालक दिवसाच्या अखेरच्या प्रहरी बाजारात गेला तेव्हा तेथे माणसे उभी होती. तुम्ही रिकामे का उभे, असे त्याने विचारिले. आम्हास कोणी कामास लाविले नाही, असे ते म्हणाले. या दाखल्यावर आम्ही पुष्कळ उपदेश ऐकिले. मजुरीवर ऐकिले, कृपेवर ऐकिले. मालकाने त्यांचे उत्तर खरे मानिले, उलट प्रश्न केला नाही, यावर एकही ऐकिला नाही.

त्या मनुष्याची समजूत घालण्यापूर्वी त्याचे कागद पाहावे. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, ही सर्व ट्रंकेच्या तळाशी असतात व पावसाळ्यात त्यांस वाळवी लागते. पुष्कळांस वाटते की कारखाना बुडाला म्हणजे सर्वच बुडाले. तसे नाही. भविष्य निर्वाह निधीचा पैसा मालकाच्या इतर मालमत्तेसारखा सावकारांत वाटून टाकिता येत नाही. २०१६ च्या दिवाळखोरीच्या कायद्याने निधी, निवृत्तिवेतन व ग्रॅच्युइटी यांच्या गंगाजळ्या निराळ्या ठेविल्या आहेत. कंत्राटदाराच्या हाताखाली काम केलेल्या मजुराचाही निधी असतो, हे तर त्या मजुरासच बहुधा ठाऊक नसते. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची नोकरी लागते व ते ५८ व्या वर्षी सुरू होते. दहा वर्षे पुरी होण्यापूर्वी काम गेले तर हातात येणारी लहान रक्कम घाईने काढू नये. तिच्याऐवजी सेवेचे प्रमाणपत्र घेता येते व पुढील नोकरीची वर्षे त्यात मिळविता येतात. अडचणीच्या महिन्यात ही सल्ला कडू लागते, हे आम्ही जाणतो.

यंत्र बदलण्याविषयी कायदा काय म्हणतो? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात असे होते की, कामगार कमी होतील अशी यंत्राची किंवा रीतीची सुधारणा करावयाची तर मालकाने एकवीस दिवस आधी नोटीस द्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी २०२० ची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. एकवीस दिवसांची नोटीस तीतही आहे. कामावरून कमी करिताना एक महिन्याची सूचना किंवा त्याचा पगार, आणि पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. जुन्या कायद्यात शंभर कामगारांच्या कारखान्यास कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागे. आता ती तीनशे कामगारांच्या कारखान्यास लागते. म्हणजे दोनशे माणसांच्या कारखान्यातील मनुष्य पूर्वीपेक्षा उघडा पडला आहे, असे आमचे मत आहे. दुसऱ्या बाजूने, कपात झालेल्या कामगाराने नवे काम शिकावे यासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या शेवटच्या पगाराइतकी रक्कम निधीत भरावी व ती पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावी, अशी नवी तरतूद झाली आहे. वीस वर्षांत शिकलेले विसरून नवे शिकण्यास पंधरा दिवसांचा पगार पुरतो की नाही, हे वाचकांनी आपापल्या अनुभवावरून ठरवावे.

ग्रॅच्युइटीचा हिशेब मात्र प्रत्येक उपदेशकास आला पाहिजे. कायम कामगारास ती साधारणपणे पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर मिळते. ज्या वेतनावर ती मोजतात ते महिना १८,२०० रुपये आहे असे धरावे. त्यास २६ ने भागिले म्हणजे एका दिवसाचे ७०० रुपये येतात. पंधरा दिवसांचे १०,५०० झाले. वीस वर्षांचे २,१०,००० रुपये होतात. हा हिशेब रविवारच्या वर्गात खडूने फळ्यावर करावा, आणि ज्यांची मुले कल्याण, भिवंडी किंवा पुण्याकडे कामास आहेत त्यांनी तो कागदावर उतरून त्यांस पाठवावा, व त्यांजकडून नेमणुकीच्या पत्राची एक नक्कल मागवून गावी ठेवावी.